मुक्तस्रोत प्रकल्पाचे दस्तऐवजीकरण कसे रचावे? आमचे सगळे एकाच गाठोड्यात आहे

पानखूण (प्रश्न)

नमस्कार. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आम्ही चौघे जण गेली काही वर्षे एक लहानशी मुक्तस्रोत संगणकप्रणाली विकसित करत आहोत. दाखल नोंदवही, पुस्तकांची देवघेव, वर्गणी आणि अनामत यांचा हिशेब आणि वर्षअखेरीस द्यावे लागणारे अहवाल, एवढाच तिचा आवाका आहे. आतून ती जँगो (पायथन भाषेतील वेब-चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालते, आणि आज 'ब' व 'क' वर्गांतील अकरा ग्रंथालये तिच्यावर रोजचे काम करतात. प्रणाली बऱ्यापैकी स्थिर झाली आहे. तिच्याविषयीचा लेखी मजकूर मात्र ज्याला जिथे सुचेल तिथे साठत गेला आहे. कोडबरोबरची रीडमी ही परिचय-फाइल नऊशे ओळींची झाली आहे, विकीवर ४१ पाने आहेत, ग्रंथपालांसाठीची मराठी पुस्तिका गूगल डॉक्समध्ये आहे, आणि खरोखर उपयोगी पडलेली उत्तरे व्हॉट्सॲपच्या गटात रोजच्या सुप्रभातांखाली गाडली जातात.

मागच्या महिन्यात याचा फटका बसला. एका ग्रंथालयाचा संगणक बदलायचा होता. तेथील ग्रंथपालांनी बॅकअपची कृती शोधली, ती त्यांना विकीवर सापडली, आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे त्यांनी डेटाबेसचा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. ते पान आमच्यातल्याच एकाने अगदी सुरुवातीच्या दिवसांत लिहिले होते, आणि आधी सर्व्हर बंद करावा हे त्यात कुठेच नव्हते. नव्या संगणकावर तो डेटाबेस उभाच राहिला नाही, आणि जुना संगणक तोवर पुसून देऊन टाकलेला होता. योग्य कृती रीडमीमध्ये होती. पुस्तिकेत तिसरीच काहीतरी होती. अखेर पाच दिवसांपूर्वीची एक प्रत सापडली आणि मधली देवघेव कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरावी लागली. ग्रंथपालांनी रजिस्टर बंद केले नव्हते म्हणून निभावले.

त्यानंतर मी सगळा मजकूर एकत्र आणून त्याचे देवघेव, दाखल, सभासद, अहवाल आणि व्यवस्थापन असे पाच विभाग पाडले. वरवर पाहता ते नीट दिसते, पण प्रत्येक विभागाच्या पोटात पुन्हा तोच गोंधळ आहे. उदाहरणादाखल, "हरवलेली पुस्तके" हे एकच पान सुमारे अठराशे शब्दांचे आहे. त्यात पुस्तक हरवले म्हणून कसे नोंदवावे हे आहे, पुस्तकाच्या स्थितीचे जे सात प्रकार प्रणालीत आहेत त्यांची यादी आहे, डेटाबेसमधील तक्त्याची रचना आहे, आणि एकदा दिलेला दाखल क्रमांक पुन्हा का वापरू नये यावर मीच कधी काळी लिहिलेले चार परिच्छेद आहेत. हे पान चुकीचे नाही. तरीही ते कोणी शेवटपर्यंत वाचत असेल असे मला वाटत नाही.

माझ्या शंका अशा की विभागणी नेमकी कशाच्या आधारे करावी. हा मजकूर विकीवर ठेवावा की कोडच्या शेजारी. मराठी आणि इंग्रजी यांचा मेळ कसा घालावा. आणि चार ग्रंथालये अजून जुन्या आवृत्तीवर असताना त्यांच्यासाठीचा मजकूर कुठे राहावा. मोठ्या प्रकल्पांचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, मात्र आमच्याकडे पूर्णवेळ लिहिणारे कोणीही नाही हे कृपया लक्षात घ्यावे.


तळटीप (उत्तर)

देवघेव, दाखल, सभासद, अहवाल ही नावे बहुधा तुमच्या जँगो ॲप्सचीच, म्हणजे कोडच्या विभागांचीच, असावीत. ज्यांनी प्रणाली बांधली त्यांना ही विभागणी स्वाभाविक वाटते, कारण कोड त्यांच्या डोक्यात तसाच लावलेला असतो. वाचणारा मात्र वेगळ्याच अडचणीतून आलेला असतो. काउंटरवर सभासद उभा आहे, त्याने पुस्तक हरवल्याचे सांगितले आहे आणि ग्रंथपालांना पुढच्या दोन मिनिटांत काय करायचे ते हवे आहे. हा एक वाचक. तुमच्या प्रकल्पात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला स्थितीच्या सात प्रकारांची नेमकी नावे हवी आहेत, हा दुसरा. दोघांचा विषय एकच असला तरी त्यांना एका पानावर बसवले की दोघांचीही गैरसोय होते.

वाचकागणिक पाने वेगळी करण्याची युक्ती फार जुनी आहे. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, आणि तेव्हापासून त्याची पाने क्रमांकित विभागांत लावलेली आहेत. आजही लिनक्सवर पासवर्ड बदलण्याच्या आज्ञेचे पान पहिल्या विभागात आहे, आणि त्याच नावाच्या फाइलमध्ये कोणत्या रकान्यात काय असते हे सांगणारे पान पाचव्या विभागात आहे. नाव तेच, पण आज्ञा चालवणारा आणि फाइल वाचणारा यांच्यासाठी पाने दोन.

जँगोचे दस्तऐवजीकरण तुम्ही रोजच उघडत असाल. त्याच्या पहिल्याच पानावर मजकुराची रचना समजावून सांगितली आहे: हात धरून नेणारे धडे, संकल्पना उलगडणारी विषयवार टिपणे, संदर्भ, आणि विशिष्ट काम कसे करावे हे सांगणाऱ्या कृती. जँगोच्या विकासकांपैकीच एक असलेल्या डॅनिएले प्रोचिदा यांनी हीच चौरस मांडणी पुढे डायटॅक्सिस या नावाने तपशीलवार केली, आणि आता अनेक मुक्तस्रोत प्रकल्प ती अनुसरतात. मी तिच्यासाठी धडा, कृती, संदर्भ आणि विवेचन असे शब्द वापरतो. धड्यात शिकणाऱ्याला काहीच येत नाही असे धरून चालायचे आणि त्याच्याकडून काहीतरी हमखास घडवून आणायचे. कृती ही पाककृतीसारखी असते. कांदा कसा चिरावा हे ती शिकवत बसत नाही. संदर्भात फक्त वस्तुस्थिती असते आणि ती चाळायची असते. विवेचन निवांतपणी वाचायचे असते, आणि "असे का?" हा प्रश्न केवळ तिथेच शोभतो.

आता तुमचे हरवलेल्या पुस्तकांचे पान घेऊ. त्यातून "पुस्तक हरवल्यास काय करावे" अशी जेमतेम आठ-दहा वाक्यांची कृती निघेल: नोंद उघडा, स्थिती बदला, भरपाई वसूल झाली असल्यास तिची पावती करा, सभासदाच्या खात्यावरून पुस्तक उतरले आहे ना ते पाहा. स्थितीचे सात प्रकार संदर्भात जातील, आणि तक्त्याची रचना विकासकांसाठीच्या संदर्भात. दाखल क्रमांकावरचे चार परिच्छेद मात्र फेकू नका, कारण माझ्या मते त्या पानावरचा सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे. नोंदवहीत एकदा चढलेली ओळ खोडायची नसते, तिच्यापुढे शेरा मारायचा असतो, ही ग्रंथालयातली शिस्त तुमच्या कोडमध्ये का उतरली आहे हे नव्या विकासकाला दुसरे कोण सांगणार? उद्या एखादा उत्साही कार्यकर्ता रिकामे क्रमांक पुन्हा वापरणारी सुधारणा पाठवील, तेव्हा त्याला दाखवायला ते विवेचन हाताशी हवे. कृतीच्या शेवटी त्याचा एका ओळीचा दुवा पुरे.

बॅकअपच्या प्रसंगाचे मूळ मात्र विभागणीत नाही. एकच माहिती तीन ठिकाणी होती, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्यातले एकच ठिकाण दुरुस्त केले. यासाठी नियम कडक असावा: एका माहितीचा पत्ता एकच, बाकी सगळीकडे दुवा. हा नियम बाहेरच्या माहितीलाही लावा. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या दस्तऐवजीकरणात बॅकअपवर पूर्ण प्रकरण आहे. एसक्यूएल डंप (आज्ञांच्या रूपात उतरवलेला डेटा), फाइलींची थेट प्रत आणि सततचे आर्काइव्हिंग असे तीन मार्ग त्यात दिले आहेत, आणि फाइलींची थेट प्रत घ्यायची असेल तर सर्व्हर बंद असलाच पाहिजे हेही स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या पानावर केवळ तुमच्या प्रणालीपुरती कृती असावी, म्हणजे कोणती आज्ञा चालवायची, पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या प्रतिमा कुठल्या फोल्डरमधून वेगळ्या घ्यायच्या आणि प्रत उतरवून पाहून ती चालते याची खात्री कशी करायची. बाकीचे पोस्टग्रेसवाल्यांवर सोपवा. दुवा देताना मात्र पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक असलेले पान निवडा. पत्त्यात "करंट" असलेले पान नेहमी ताज्या आवृत्तीचे असते, आणि तुमच्या ग्रंथालयांत ती असेलच असे नाही.

विकी की कोडच्या शेजारी, या प्रश्नात मला तरी दोन बाजू दिसत नाहीत. मजकूर कोडच्याच भांडारात (रिपॉझिटरीत), डॉक्स फोल्डरमध्ये ठेवा. गिटहबचा विकी हे एक स्वतंत्र भांडार असते आणि त्यावर पुल रिक्वेस्ट (तपासून स्वीकारण्यासाठी पाठवलेला बदल) करता येत नाही, त्यामुळे तिथला बदल कोणाच्या नजरेखालून जात नाही. मजकूर कोडबरोबर असला की ज्या पुल रिक्वेस्टने बटणाचे नाव बदलते तिच्यातच पानही बदलावे असा आग्रह धरता येतो. तुमचा आवृत्तींचा प्रश्नही यातच पुष्कळसा मिटतो, कारण जुन्या आवृत्तीच्या टॅगबरोबर (भांडारातील खुणेबरोबर) त्या वेळचा मजकूर आपोआप जपला जातो. रीड द डॉक्स या दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळावर चढवल्यास "लेटेस्ट" म्हणजे मुख्य शाखेचा मजकूर आणि "स्टेबल" म्हणजे शेवटच्या प्रकाशित आवृत्तीचा, अशी सोय तयारच मिळते. ग्रंथपालांना नेहमी "स्टेबल"चाच पत्ता द्यावा.

मजकूर-फाइलींपासून वाचायची पाने बनवणारे साधन स्फिंक्स घ्या किंवा एमकेडॉक्स घ्या, त्यावर आठवडा घालवू नका. स्फिंक्स २००८ मध्ये पायथनच्याच दस्तऐवजीकरणासाठी निघाले आणि भाषांतराची सोय त्यात अंगभूत आहे, म्हणून तुमच्या बाबतीत माझे मत त्याच्या बाजूने पडेल. कुठल्याच अनुक्रमणिकेत न आलेल्या पानाबद्दल ते इशारा देते. ते इशारे चूक म्हणून धरण्याचा पर्याय सुरू ठेवा, म्हणजे एकेचाळीस अनाथ पाने पुन्हा जमणार नाहीत.


जुने कपाट (उत्तर)

मी विकासक नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो आणि आमच्याकडे कोहा ही मुक्तस्रोत ग्रंथालय-प्रणाली आहे, तेव्हा वापरणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. तळटीप यांच्या पुष्कळ मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण विषयवार विभागणी इतक्या सहज मोडीत काढण्याशी नाही.

कोहा न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झाली आणि जानेवारी २००० पासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिचे मॅन्युअल प्रणालीच्या कोडपासून वेगळ्या भांडारात असते, आवृत्तीगणिक निघते, आणि त्याची प्रकरणे सरळ विभागवार आहेत: वाचक, देवघेव, तालिकीकरण, नियतकालिके, खरेदी, अहवाल. मला त्याचा कधीही त्रास झालेला नाही. कारण साधे आहे. मी अडतो तेव्हा माझ्यासमोर एक पडदा उघडा असतो, त्यावर विभागाचे नाव लिहिलेले असते, आणि मी त्याच नावाचे प्रकरण उघडतो. धडा, कृती आणि विवेचन हे भेद लिहिणाऱ्याने मनात अवश्य ठेवावेत. पण अनुक्रमणिकेत "विवेचन" हा शब्द पाहून आमचा लिपिक नक्कीच बाहेर पडेल.

माझी सूचना अशी की कृतींची नावे ग्रंथपालांच्या तोंडच्या शब्दांत असावीत. "पुस्तकाची स्थिती बदलणे" असे कोणी शोधत नाही. "पुस्तक हरवले", "चुकून दोनदा दाखल झाले", "सभासद गाव सोडून गेला, अनामत परत द्यायची आहे" असे शोधतात. ही नावे बसून सुचणार नाहीत. तुमच्या व्हॉट्सॲप गटातील गेल्या वर्षभराचे प्रश्न काढा, ते जसेच्या तसे शीर्षक म्हणून वापरा, आणि ज्या प्रश्नाला पान नाही तेवढेच पान नव्याने लिहा. जे कोणी कधी विचारलेच नाही ते लिहिण्याची घाई कशाला?

दुसरी गोष्ट छपाईची. ग्रामीण भागात वीज जाते, इंटरनेट जाते, आणि काउंटरवरचा संगणक एकच असतो; पडद्यावर प्रणाली उघडायची की तिचे मॅन्युअल, हा तिथे खरा प्रश्न असतो. रोज लागणाऱ्या पाच-सहा कृती एकेका पानावर छापून भिंतीला लावता येतील अशा असाव्यात. पानाच्या तळाशी प्रणालीची आवृत्ती ठळक छापा, नाहीतर तो कागद दहा वर्षे तिथेच राहतो आणि नवा आलेला कर्मचारी त्यालाच प्रमाण मानतो. स्फिंक्समधून पीडीएफ काढताना देवनागरीची जोडाक्षरे नीट यावीत म्हणून झीलॅटेक्स हे अक्षरजुळणीचे साधन निवडून फॉन्टही सांगावा लागतो, असे आमच्या येथील संगणक विभागातील सहकाऱ्याने बरेच डोके आपटल्यावर शोधून काढले होते. दोन-चार पानांसाठी ब्राउझरमधून छापणेच सोपे.

आणि एक विनंती. पुस्तिकेतील पडद्यांची छायाचित्रे खऱ्या ग्रंथालयातून घेऊ नका. सभासदांची नावे आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट दिसतील अशी पुस्तिका मी स्वतः एका ठिकाणी पाहिली आहे. नमुन्याच्या पन्नास नोंदी तयार करून त्या प्रणालीबरोबरच द्याव्यात. चित्रेही त्यांचीच घ्यावीत आणि धडाही त्यांच्यावरच चालवावा.


तळटीप (उत्तर)

जुने कपाट यांची दुरुस्ती मला मान्य आहे, आणि ती डायटॅक्सिसच्या विरुद्धही जात नाही. संदर्भाची मांडणी प्रणालीच्या मांडणीशी जुळती असावी असेच तिथेही सांगितले आहे, कारण संदर्भ शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती प्रणालीच असते. म्हणजे पानखूण यांचे पाच विभाग वाया जात नाहीत. ते ग्रंथपालांच्या संदर्भात जसेच्या तसे राहू शकतात. चार रिकामी दालने आधी बांधून मग ती भरत बसू नये, असाही इशारा तिथे आहे. एक पान घ्यावे, ते कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी आहे हे ठरवावे, तेवढे सुधारावे आणि सोडून द्यावे. पुरेशी पाने अशी सुधारली की रचना हळूहळू आपली आपण दिसू लागते.

लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, पाहा. तिथेही डॉक्युमेंटेशन या एका फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे सुट्या मजकूर-फाइलींचा ढीग होता. २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीपासून त्यांनी स्फिंक्स स्वीकारले, आणि त्यानंतर हा ढीग प्रशासकांसाठी, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी, कर्नलमध्ये योगदान देऊ पाहणाऱ्यांसाठी अशा पुस्तकांत हळूहळू हलवला गेला. तिथले पहिले वर्गीकरण वाचकाचे आहे. तुमच्याकडेही ग्रंथपाल, प्रणाली बसवणारा आणि विकासक असे तीनच वाचक आहेत. वरचा पहिला दरवाजा तेवढ्याच तिघांचा ठेवा.


अनुस्वार (उत्तर)

भाषेच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. मी काही मुक्तस्रोत प्रकल्पांचे मराठी भाषांतर करते.

बहुतेक ठिकाणी इंग्रजी मजकूर मूळ असतो आणि बाकीच्या भाषा त्याच्यामागून येतात. तुमच्या ग्रंथपालांसाठीच्या मजकुराबाबत ही सवय सोडून द्यावी. तो मुळातच मराठीत लिहावा. तुमचे सगळे वाचक मराठी आहेत, विषयाची परिभाषा मराठीत रुळलेली आहे, आणि "दाखल नोंदवही" हा शब्द आधी इंग्रजीत नेऊन मग परत मराठीत आणला की तो "प्रवेश नोंदणी" होऊन परततो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विकासकांसाठीचा मजकूर मात्र इंग्रजीतच असू द्या, कारण बाहेरचा सहभाग तिथून येणार आहे. प्रणाली बसवण्याची कृती तेवढी दोन्ही भाषांत लागेल. म्हणजे भाषांतराचे ओझे सगळ्या मजकुरावर न पडता पाच-सात पानांपुरते उरते.

त्या पानांसाठी स्फिंक्समधील गेटटेक्स्ट ही भाषांतराची सोय वापरा. ती मूळ मजकुराचे परिच्छेदवार तुकडे करून पीओ फाइल (मूळ आणि भाषांतर यांच्या जोड्यांची फाइल) बनवते. मूळ परिच्छेद बदलला की फाइली अद्ययावत करताना जुन्या भाषांतरावर "फझी" अशी खूण पडते आणि ते वापरले जात नाही. त्या जागी मूळ भाषेतला परिच्छेद दिसतो. वाचणाऱ्याला मध्येच परका परिच्छेद दिसणे खटकते खरे, पण बॅकअपची कालबाह्य सूचना अस्खलित मराठीत दिसण्यापेक्षा ते परवडले.

अर्धवट भाषांतर प्रसिद्ध करावे की नाही यावर पायथनचा नियम मला आवडतो. पेप ५४५ या त्यांच्या प्रस्तावानुसार, भाषांतराचे नाव पानावरील भाषांच्या यादीत यायचे असेल तर चुका कळवण्याचे पान, संपूर्ण ट्यूटोरियल आणि अंगभूत फंक्शनांचे पान एवढे आधी शंभर टक्के पूर्ण झाले पाहिजे. सगळीकडे थोडे थोडे करण्यापेक्षा नवख्याला पहिल्या दिवशी लागणारे तेवढे पूर्ण करा, असा त्याचा अर्थ. तुम्हीही अशी तीन पाने ठरवून टाका.

आता शब्दांविषयी, कारण खरी भांडणे तिथेच होतात. तुमच्या प्रश्नातच तुम्ही "सभासद" म्हणता. अनेक ग्रंथालयांत महिन्याची वर्गणी भरून पुस्तके नेणारा तो "वर्गणीदार", आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मत देणारा तो "सभासद", असा फरक काटेकोरपणे पाळतात. प्रणालीत दोघांना एकच शब्द असेल तर अहवालात आकडे चुकतील, आणि दोष मात्र कोडला दिला जाईल. शंभरएक शब्दांची एक संज्ञासूची डॉक्स फोल्डरमध्येच ठेवा, प्रत्येक शब्दाला एक वाक्याचा अर्थ द्या, आणि पडद्यावरील बटणे व पाने या दोहोंनी तीच सूची पाळावी असे ठरवा. बटणावर "परत घेणे" असेल तर पानावर "जमा करा" असे लिहू नये, ते कितीही शुद्ध असले तरी. स्फिंक्समध्ये संज्ञासूचीची स्वतंत्र सोय आहे आणि तिच्यातील शब्दाला मजकुरातून दुवा देता येतो. मात्र शब्द विभक्तीत गेला की तो दुवा जुळत नाही, आणि "सभासदाच्या" असे लिहिताना दाखवायचा शब्द वेगळा व सूचीतील शब्द वेगळा द्यावा लागतो. मराठीत हे पदोपदी येते, म्हणून आधीच सांगून ठेवते.


पानखूण (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते कळवते.

सर्वांत आधी बॅकअपची तिन्ही पाने उडवली आणि एकच ठेवले. मग विकी केवळ वाचण्यापुरता करून ४१ पानांची यादी घेतली आणि प्रत्येकापुढे वाचक कोण ते लिहीत गेले. चौदा पानांपुढे काहीच लिहिता आले नाही. त्यांतली नऊ पाने म्हणजे आमच्या जुन्या बैठकांतील विचारविनिमय होता. ती बाजूला काढताना जिवावर आले, पण दाखल क्रमांकावरचे परिच्छेद वाचवले. व्हॉट्सॲपवरील प्रश्न चाळल्यावर कळले की जवळजवळ निम्मे प्रश्न अनामत आणि वर्गणी यांचे आहेत, आणि त्यांवर आमच्याकडे मिळून दीड पान होते. सभासद आणि वर्गणीदार यांचा फरक आमच्या कोडमध्ये खरोखरच नाही. त्यासाठी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडला आहे आणि त्यावर आत्ताच एकवीस प्रतिक्रिया आल्या आहेत.

अडकले ते धड्यापाशी. कृती लिहायला सोप्या गेल्या. धडा मात्र आमच्यापैकी एकालाही लिहिता येईना, कारण नवख्याला काय येत नाही हेच आता आम्हाला आठवत नाही. म्हणून परवा एका ग्रंथालयात नव्याने रुजू झालेल्या ताईंच्या शेजारी जाऊन बसले. मी काही सांगायचे नाही, फक्त टिपून घ्यायचे असे ठरवले होते. नमुन्याच्या नोंदी भरलेल्या होत्या, पहिले काम एक पुस्तक दाखल करण्याचे होते. ताईंनी लॉगिन केले, दाखल करण्याचा पडदा बरोबर उघडला, शीर्षकाच्या रकान्यात क्लिक केले आणि माझ्याकडे पाहिले. संगणकावर मराठी कळफलक सुरूच केलेला नव्हता. आमच्या नऊशे ओळींच्या रीडमीत, ४१ पानांत आणि पुस्तिकेत मिळून त्याविषयी एकही ओळ नाही. धड्याचे पहिले पान आता इनस्क्रिप्ट कळफलक कसा सुरू करावा याचे आहे, आणि लॉगिन दुसऱ्या पानावर गेले आहे.